हडसन गांवची हिरवळ

महोत्सवाच्या स्मरणग्रंथांत देवळाचा पाया केव्हां घातला गेला, घंटा कोणाच्या देणगींतून आली, कोणकोणत्या धर्मगुरूंनीं येथें सेवा केली, हें वाचावयास मिळावें अशी वाचकांची अपेक्षा असते व ती योग्यच आहे. तो इतिहास या ग्रंथांत इतरत्र अधिकारी लेखणीनें लिहिला गेला आहे. आम्ही मात्र गवताविषयीं लिहिणार आहों. आणि तेंहि आपल्या गांवच्या नव्हे, तर सातासमुद्रांपलीकडील कॅनडा देशांतल्या एका लहानशा गांवच्या गवताविषयीं. हा विषय या ग्रंथांत कसा शिरला, तें प्रथम सांगितलें पाहिजे.

महोत्सवाच्या तयारीसाठीं समितीची बैठक भरली असतां देवळासमोरील मोकळ्या जागेवर हिरवळ लावावी अशी सूचना पुढें आली. ती सर्वांस आवडली, आम्हांसहि आवडली. पुढें बागकामाच्या ठेकेदारानें खर्चाचें पत्रक पाठविलें. तें वाचीत असतां शेवटच्या कलमावर आमची दृष्टि अडकली. "दर तीन महिन्यांनीं औषधाचा फवारा," असें तें कलम होतें. चौकशी करतां कळलें कीं, हें औषध म्हणजे तण मारणारें एक व कीड मारणारें दुसरें अशीं दोन विषें होत. ज्या जागेवर रविवारीं धर्मशिक्षणाचा वर्ग सुटतांच मुलें अनवाणी धांवतात, जेथें म्हाताऱ्या माणसांची संध्याकाळची बैठक भरते, तेथें हें औषध नक्की कोणाच्या रोगावर द्यावयाचें, असा प्रश्न आमच्या मनांत उभा राहिला. त्याचें उत्तर शोधूं लागलों, तेव्हां हडसन गांवचा इतिहास आमच्या हातीं लागला. तो आपणां सर्वांपुढें ठेवावा असें वाटलें, म्हणून हा लेख.

आधीं हिरवळीचीच कुळकथा थोडक्यांत पाहूं. घरापुढें नुसतें गवत वाढवावें, त्यास फूल येऊं देऊं नये, बी धरूं देऊं नये व तें गालिच्यासारखें सपाट ठेवावें, ही हौस मूळची इंग्लंडांतील जमीनदारांची. त्या काळीं असें गवत राखणें म्हणजे मेंढ्यांचे कळप चारणें किंवा लांब दांड्याच्या विळ्यानें कापणारे मजूर ठेवणें. म्हणून ती श्रीमंतांचीच चैन होती. १८३० सालीं एडविन बडिंग नांवाच्या इंग्रज कारागिरानें कापडाची लव कातरण्याच्या यंत्रावरून गवत कापण्याचें यंत्र रचलें आणि तेव्हांपासून हिरवळ मध्यम स्थितीच्या कुटुंबाच्या आटोक्यांत आली. अमेरिकेंत व कॅनडांत तर ती प्रत्येक घराची जणूं ओळखच झाली.

परंतु त्या वेळची हिरवळ आजच्यासारखी एकजिनसी नव्हती. बियाण्याच्या मिश्रणांत पांढऱ्या क्लोव्हरचें बीं मुद्दाम घालीत असत. ही तीन पानांची, जमिनीलगत पसरणारी वनस्पति आपल्या मेथीच्या व वालाच्या नात्यांतली आहे. तिच्या मुळांवरील गांठींत राहणारे सूक्ष्म जंतु हवेंतील नत्र जमिनींत आणतात. त्यामुळें शेजारच्या गवतास आयतें खत मिळतें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत इंग्लंडांत व अमेरिकेंत झालेल्या संशोधनांतून २,४-डी नांवाचें तणनाशक निघालें व १९४५ च्या सुमारास तें बाजारांत आलें. त्याचा गुण असा कीं, तें रुंद पानांच्या वनस्पती मारतें व गवतास राखतें. क्लोव्हर रुंद पानांची, तीहि मेली. मग जी वनस्पति विषापुढें टिकत नाहीं, तिलाच तण म्हणण्याची वहिवाट पडली. काल जी हिरवळीची दाई होती, ती आज शत्रु ठरली. आणि तिच्या अभावीं जें नत्र कमी पडूं लागलें, तें पोत्यांतून विकत आणावें लागलें.

त्याच सुमारास कीटकनाशकांचाहि दबदबा वाढला. डी.डी.टी. या द्रव्याचा कीटकनाशक गुण १९३९ सालीं शोधून काढणारे स्विस रसायनशास्त्रज्ञ पॉल म्युलर यांस १९४८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. या द्रव्यानें हिंवताप व टायफस या रोगांपासून असंख्य माणसें वांचविलीं, हें विसरणें कृतघ्नपणाचें होईल. पण युद्धांत सैनिकांस वांचविणारें जें हत्यार, तेंच शांततेंत घरोघरच्या बागेंत आलें. १९६२ सालीं रेचल कार्सन या अमेरिकन विदुषीनें आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथांत या विषांचा पक्ष्यांवर, मासळीवर व मनुष्यावर होणारा परिणाम मांडला, आणि १९७२ सालीं अमेरिकेनें शेतीसाठीं डी.डी.टी. वापरण्यास बंदी केली. तरी घरापुढील हिरवळीवरचा फवारा कांहीं थांबला नाहीं. एक द्रव्य गेलें कीं दुसरें येई.

आतां हडसनकडे वळूं. हें गांव क्वेबेक प्रांतांत, मॉन्ट्रियल शहराच्या पश्चिमेस, ओटावा नदी जेथें रुंदावून सरोवरासारखी होते तेथें तिच्या कांठीं वसलें आहे. पुढें न्यायालयांत जी नोंद झाली, तींत या गांवची वस्ती ५,४०० सांगितली आहे. म्हणजे आपल्या कित्येक धर्मग्रामांहून लहान. कांहीं शेतकरी, कांहीं फुलझाडांचे बागवान, आणि बाकीचीं टुमदार घरें व त्यांपुढील हिरवळी. या गांवांत डॉ. जून अर्विन नांवाच्या त्वचारोगतज्ज्ञ बाई राहत असत. आपल्या रुग्णांच्या कांहीं तक्रारींचा संबंध बागांतील फवाऱ्यांशीं असावा असा त्यांस संशय आला. १९८५ सालापासून त्या गांवच्या नगरसभेच्या बैठकींस जाऊं लागल्या. दर बैठकींत उठून त्या हाच प्रश्न विचारीत व आपलें म्हणणें लेखी मांडीत. अशीं सुमारें सहा वर्षें गेलीं.

सहा वर्षें म्हणजे किती बैठकी, याचा वाचकांनीं क्षणभर विचार करावा. सभेंत एकच गाऱ्हाणें पुनःपुन्हां मांडणाऱ्या माणसाकडे लोक कोणत्या नजरेनें पाहतात, हें आपण सर्व जाणतों. आमच्याहि अनुभवांत अशीं माणसें आहेत, आणि त्यांचें बोलणें सुरूं होतांच आम्हीं घड्याळाकडे पाहिलेलें आहे, हें येथें कबूल केलेलें बरें. डॉ. अर्विन बाईंच्या हातीं सत्ता नव्हती व पाठीशीं मोठी संस्था नव्हती. त्यांच्यापाशीं होतें तें एवढेंच कीं, त्या पुढच्या बैठकीसहि हजर राहत.

६ मे १९९१ रोजीं हडसनच्या नगरसभेनें २७० क्रमांकाचा पोटकायदा मंजूर केला. त्यानें गांवाच्या हद्दींत कीडनाशक व तणनाशक द्रव्यांची फवारणी व वापर मना केला. परंतु तो आंधळेपणानें केलेला नियम नव्हता. पोहण्याचे तलाव, पिण्याचें पाणी शुद्ध करणें, घराच्या आंतील वापर, मनुष्यास धोका देणारे प्राणी, व ज्यांच्या स्पर्शानें कांहीं लोकांस त्रास होतो अशा वनस्पती, यांस त्यांत सूट होती. शेतकऱ्यांवर बंदी नव्हती. त्यांनीं आपल्याजवळील द्रव्यांची नोंद करावयाची होती. गोल्फच्या मैदानांस पांच वर्षांची मुदत दिली होती. जीवजन्य उपायांस मोकळीक होती. सारांश, जेथें पोटाचा किंवा आरोग्याचा प्रश्न आहे तेथें सवड, आणि जेथें केवळ शोभेचा प्रश्न आहे तेथें मनाई, असा विवेक त्या नियमाच्या मुळाशीं होता. आमच्या मतें या सगळ्या इतिहासाचा गाभा हाच विवेक होय.

१९९२ च्या नोव्हेंबरांत हिरवळींची निगा राखण्याचा धंदा करणाऱ्या स्प्रेटेक व केमलॉन या दोन कंपन्यांवर हा पोटकायदा मोडल्याचा आरोप ठेवण्यांत आला. कंपन्यांनीं उलट न्यायालयांत जाऊन पोटकायदाच रद्द ठरवावा अशी मागणी केली. त्यांचें म्हणणें वरवर पाहतां बिनतोड होतें. आम्ही वापरतों तीं द्रव्यें देशाच्या सरकारनें मंजूर केलेलीं आहेत. प्रांताच्या सरकारनें आम्हांस परवाने दिलेले आहेत. मग वरच्या दोन सत्तांनीं ज्यास होकार दिला, त्यास एका खेड्यानें नकार द्यावा हें कसें? १९९३ सालीं वरिष्ठ न्यायालयानें गांवाच्या बाजूनें निकाल दिला. कंपन्यांनीं अपील केलें. १९९८ सालीं तेंहि फेटाळलें गेलें. शेवटीं प्रकरण कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापुढें गेलें व २८ जून २००१ रोजीं, म्हणजे पोटकायदा झाल्यापासून दहा वर्षांनीं, अंतिम निर्णय लागला. सात न्यायाधीशांनीं एकमतानें गांवाचा अधिकार मान्य केला.

या निर्णयांतील तीन गोष्टी आपण नीट समजून घेण्यासारख्या आहेत.

पहिली ही कीं, परवानगी म्हणजे आज्ञा नव्हे. देशाचा कायदा एखादें द्रव्य विकूं देतो याचा अर्थ तें वापरलेंच पाहिजे असा होत नाहीं. गांवानें तें मना केलें, तर मनुष्यास दोन्ही कायदे एकाच वेळीं पाळतां येतात. न वापरलें म्हणजे झालें. जेथें दोन्ही आज्ञा पाळणें शक्य आहे, तेथें विरोध नाहीं. प्रांताच्या कायद्यानें नगरसभांस रहिवाशांच्या आरोग्यासाठीं व सामान्य हितासाठीं नियम करण्याचा अधिकार दिला होता, आणि शोभेच्या फवाऱ्यावर बंधन घालणें त्या अधिकारांत बसतें, असें न्यायालयानें ठरविलें. येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. अमुक द्रव्य घातकच आहे असा शास्त्रीय निवाडा न्यायालयानें केला नाहीं. तो त्याचा विषयहि नव्हता. गांवास आपल्या जागेपुरतें ठरविण्याचा हक्क आहे कीं नाहीं, एवढाच प्रश्न होता.

दुसरी गोष्ट आम्हां कॅथलिकांस विशेष ओळखीची आहे. बहुमताचा निवाडा लिहिणाऱ्या न्यायमूर्ति क्लेअर ल्यूरो-द्युबे यांनीं प्रारंभींच एका तत्त्वाचा उल्लेख केला. जी सत्ता लोकांच्या अधिक जवळ आहे, जी त्यांच्या गरजा अधिक जाणते, ती जें समर्थपणें करूं शकते, तें तिनेंच करावें, असें तें तत्त्व. इंग्रजींत त्यास 'सब्सिडिॲरिटी' म्हणतात. मराठींत सहायकतेचें तत्त्व म्हणूं. सेमिनरींत असतांना आम्हीं हा शब्द प्रथम ऐकला तो न्यायशास्त्राच्या तासाला नव्हे, तर ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीच्या तासाला. पोप अकरावे पायस यांनीं १९३१ च्या आपल्या परिपत्रकांत हें तत्त्व स्पष्ट शब्दांत मांडलें. लहान मंडळें जें स्वतः करूं शकतात, तें मोठ्या मंडळांनीं त्यांच्या हातून काढून घेणें हा अन्याय होय, अशी ती शिकवण. त्या वेळीं इटलींत व इतरत्र सर्व सत्ता एका मुठींत आवळणारीं राज्यें उभीं राहत होतीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या शब्दांचें वजन कळतें. त्यानंतर सत्तर वर्षांनीं हेंच तत्त्व एका न्यायालयांत गवताच्या खटल्यांत पुढें यावें, हें पाहून आम्हांस मोठें नवल वाटलें. सेमिनरींत तें आम्हांस फार उंचावरचें वाटत असे. येथें तें बागेच्या कुंपणापाशीं येऊन उभें राहिलें.

तिसरी गोष्ट आपल्या देशाशीं जोडलेली आहे. सृष्टीचें भारी किंवा कायमचें नुकसान होण्याची भीति असेल, तर पूर्ण शास्त्रीय खात्री झाली नाहीं या सबबीवर प्रतिबंधक उपाय पुढें ढकलूं नयेत, यास सावधगिरीचें तत्त्व म्हणतात. हडसनचा पोटकायदा या तत्त्वाशीं सुसंगत आहे असें सांगतांना कॅनडाच्या न्यायालयानें ज्या आधारांचा उल्लेख केला, त्यांत भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन निवाडे आहेत. एक १९९६ सालचा, तामिळनाडूंतील वेल्लोर भागांतल्या चामड्याच्या कारखान्यांविषयींचा. त्यांच्या सांडपाण्यानें तेथील नदी व विहिरी नासल्या होत्या. दुसरा १९९९ सालचा, हैदराबाद शहरास पाणी पुरविणाऱ्या तलावांजवळील एका कारखान्याविषयींचा. वेल्लोरच्या नागरिकांनीं आपल्या पाण्यासाठीं जो दावा लढविला, त्याचा आधार पुढें पांच वर्षांनीं कॅनडांतील एका खेड्यास मिळाला. उपकार असे न कळत फिरत असतात. न्याय म्हणून हेंहि सांगावें कीं, सात न्यायाधीशांपैकीं तिघांनीं आपलें मत निराळें लिहिलें. परदेशांतील आधारांची येथें गरज नाहीं, नगरसभांविषयींचा साधा कायदाच पुरेसा आहे, असें त्यांस वाटलें. पण वाट निराळी असली, तरी ते पोहोंचले त्याच ठिकाणीं.

निकालानंतरचा इतिहास लवकर सांगतां येईल. २००३ सालीं क्वेबेक प्रांतानें हिरवळींवरील कांहीं द्रव्यांवर बंदी घालणारा नियम केला व २००६ पर्यंत तो खासगी बागांसहि पूर्ण लागू झाला. ऑन्टॅरिओ प्रांताचा कायदा २२ एप्रिल २००९ पासून अमलांत आला. टोरोंटोसारख्या मोठ्या शहरांनीं त्यापूर्वींच आपापले नियम केले होते. विरोधहि थोडा झाला नाहीं. २,४-डी बनविणाऱ्या एका मोठ्या अमेरिकन कंपनीनें आंतरराष्ट्रीय व्यापारकराराच्या आधारें कॅनडाविरुद्ध दावा मांडला. तो २०११ सालीं आपसांत मिटला. क्वेबेकची बंदी कायम राहिली, कंपनीस भरपाई मिळाली नाहीं, आणि प्रांतानें एवढें मान्य केलें कीं, सूचनांप्रमाणें वापरल्यास हें द्रव्य अमान्य होण्याइतकें धोक्याचें नाहीं असा देशाच्या आरोग्यखात्याचा निर्णय आहे. कांहीं ठिकाणीं पुढें नियम सैलहि करण्यांत आले. बागांतून डॅन्डेलिअनचीं पिवळीं फुलें परत आलीं, मैदानें पूर्वींइतकीं देखणीं राहिलीं नाहींत, अशी तक्रार होती व ती खोटी नव्हती. हडसनच्या लोकांनीं कांहीं न गमावतां सर्व मिळविलें असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांनीं थोडी शोभा दिली व थोडी निश्चिंति घेतली.

मग प्रश्न उरतो कीं, विषावांचून हिरवळ राखतात कशी? याचें उत्तर जुन्याच शहाणपणांत आहे. नव्या संशोधनानें त्यास बळकटी आणली एवढेंच. थंड देशांतील गवत फार खोल कापीत नाहींत. तीन इंचांच्या आसपास उंच ठेवतात. उंच गवताची मुळें खोल जातात, व त्याच्या सावलींत तणाचें बीं सहसा रुजत नाहीं. एका वेळीं पात्याच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक कापीत नाहींत, आणि कापलेलें गवत तेथेंच पडूं देतात. तें कुजून खत होतें. पाणी रोज थोडें थोडें न देतां क्वचित् पण भरपूर देतात, म्हणजे मुळें पाण्याच्या शोधांत खालीं उतरतात. पायांखालीं घट्ट झालेली जमीन टोंचून मोकळी करतात, वर कंपोस्टाचा पातळ थर देतात व विरळ झालेल्या जागीं पुन्हां बीं पेरतात. क्लोव्हरहि पुन्हां मानानें परत आली आहे. मुळें खाणाऱ्या हुमणीसाठीं ओलसर जमिनींत सूत्रकृमि सोडतात. हे डोळ्यांस न दिसणारे कृमि हुमणीच्या शरीरांत शिरून तिला संपवितात व मनुष्यास अपाय करीत नाहींत. मक्याचें सत्त्व काढतांना जो प्रथिनयुक्त भुगा उरतो, तो वेळेवर पसरल्यास तणाच्या कोंवळ्या रोपांस मूळ धरूं देत नाहीं. आणि बाकीचें तण खुरप्यानें काढतात. या यादींत खुरपें शेवटीं आलें, तरी मान त्याचा पहिला.

आपल्याकडे तर हिरवळ म्हणून जी लावतात ती बहुधा हरळीच असते. जी हरळी शेतांतून उपटतांना आमच्या वाडवडिलांच्या कमरा मोडल्या, तीच आतां पैसे देऊन लावावयाची, हा काळाचा विनोद आहे. पण ती आपल्या मातीची आहे, उन्हाची सोबतीण आहे, आणि एकदां दाट झाली कीं दुसऱ्यास जागा देत नाहीं. झाडाच्या दाट सावलींत मात्र ती तगत नाहीं. तेथें तिचा हट्ट धरूं नये. लव्हाळा आला, तर त्याच्या गांठी खणून काढाव्या लागतात. नुसता वरून ओढला, तर तो दुप्पट होऊन येतो. कडेच्या जास्वंदीवर मावा किंवा पिठ्या ढेकूण पडल्यास निंबोळ्यांचा अर्क पुरे. पांच किलो निंबोळ्यांचा भुगा रात्रभर पाण्यांत भिजवून, गाळून, त्याचें शंभर लिटर पाणी करावें व थोडा साबण मिसळून संध्याकाळीं फवारावें, ही रीत आमच्या भागांतील बहुतेक बागायतदारांस ठाऊक आहे. लहान बागेस याचा विसावा हिस्साहि पुष्कळ होईल.

जीव जिवास आवरतो, याचा एक दाखला आपल्या महाराष्ट्रांतच आहे. गाजरगवत हें परदेशी तण १९५५ च्या सुमारास पुण्यास प्रथम दिसलें व पाहतां पाहतां देशभर पसरलें. त्याचीं पानें खाणारा मेक्सिकोमधील एक भुंगेरा परीक्षा करून १९८४ सालीं बंगळूर येथें सोडण्यांत आला. पावसाळ्यांत आतां तो अनेक ठिकाणीं गाजरगवताचीं पानें फस्त करतांना आढळतो. त्यानें तण नाहींसें झालें नाहीं, पण कांहीं भागांत त्याचा जोर मोडला. त्याच १९८४ सालच्या डिसेंबरांत, २ तारखेच्या रात्रीं, भोपाळच्या कीटकनाशकांच्या कारखान्यांतून विषारी वायु सुटला व हजारों माणसें मृत्युमुखीं पडलीं. आणि २०१७ सालीं आपल्याच यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन सुमारें वीस माणसें दगावलीं. शेतकऱ्यास तरी कर्जाचा व पिकाचा धाक असतो. त्यास दोष देण्यास आमची जीभ वळत नाहीं. पण शोभेच्या गवतास असा कोणता धाक आहे?

पूर्वीं सर्व चांगलें होतें असें म्हणण्याचा मोह आम्ही टाळतों. आपल्या वाड्यांत केळीस व भाजीपाल्यास शेणखत, पेंड व सुक्या मासळीचें खत घालीत, हें खरें; पण किडीवर तंबाखूचा काढाहि मारीत, आणि तंबाखूंतील निकोटिन हें जहाल विष आहे. निसर्गांतून आलें म्हणून तें निर्धोक ठरत नाहीं, व कारखान्यांत झालें म्हणून सर्वच त्याज्य ठरत नाहीं. पाहावयाचें तें हें कीं, गरज कोणती, धोका किती, आणि तो धोका कोणाच्या वांट्यास येतो. मोठ्या माणसापेक्षां मूल जमिनीच्या जवळ असतें. त्याचे हात तोंडांत जातात. वजनाच्या मानानें तें अधिक श्वास घेतें. फवाऱ्याचा निर्णय घेणारे आम्ही, आणि त्या गवतावर लोळणारीं तीं. हा व्यवहार सरळ नाहीं.

ज्युबिली या शब्दाचा मूळ अर्थ वाचकांपैकीं अनेकांस माहीत असेल. जुन्या करारांत पन्नासावें वर्ष हें मुक्ततेचें वर्ष सांगितलें आहे. त्या वर्षीं ऋणकरी सुटत, विकलेली जमीन मूळ घराण्यास परत मिळे, आणि शेत न पेरतां विसाव्यास सोडीत. म्हणजे महोत्सवांत माणसांबरोबर मातीचाहि वांटा होता. पोप फ्रान्सिस यांनींहि २०१५ सालच्या आपल्या सृष्टिविषयक परिपत्रकांत सावधगिरीच्या तत्त्वाचा पुरस्कार केला आहे. तेव्हां देवळाच्या अंगणांतील गवताचा विचार महोत्सवाच्या ग्रंथांत करणें अगदींच अप्रस्तुत नव्हे, असें आम्हांस वाटतें.

आतां आमच्या ठेकेदाराच्या पत्रकाविषयीं. त्यांतील शेवटचें कलम आम्हांस एका रेघेनें खोडतां आलें असतें. कांहीं मंडळींनीं तसा आग्रहहि केला. परंतु ज्या तत्त्वाची एवढी थोरवी गाइली, तें आपल्याच अंगणांत मोडावें हें बरें दिसणार नाहीं. ही जागा सर्वांची आहे. तीवर मुलें कोणाचीं खेळतात व म्हातारे कोणाचे बसतात, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. म्हणून हा प्रश्न आम्हीं धर्मग्रामाच्या सर्वसाधारण सभेपुढें ठेवण्याचें ठरविलें आहे. फवारा नको असेल, तर त्याची किंमतहि सांगून ठेवतों. पावसाळ्याच्या चार महिन्यांत दर पंधरवड्यास वीसेक माणसांनीं तासभर खुरपें घेऊन बसावें लागेल, आणि तरीहि मधूनमधून चार परकीं पानें दिसतील. तीं पाहून पाहुण्यांनीं नाक मुरडलें, तर तें आपणांस सोसावें लागेल.

आमचें स्वतःचें मत आम्हीं लपविलें नाहीं. पण तें एका माणसाचें मत आहे. सभेस अवश्य यावें, आपलें म्हणणें मांडावें, आणि कोणी एकच गाऱ्हाणें पुनःपुन्हां मांडूं लागलें, तर तें शेवटपर्यंत ऐकून घ्यावें. आम्हीहि या वेळीं घड्याळाकडे पाहणार नाहीं. सभेचा निर्णय काय होईल तो होवो. खुरप्यांची पहिली जोडी आम्हीं आणून ठेविली आहे.